थंडीत जेवण सोडणारा साप

येरवड्याहून एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या मुलाने पाळलेला बॉल पायथन जातीचा साप दिवाळीपासून काही खात नाही. दीड महिना झाला, त्याला काही रोग तर नसेल ना? आरोग्याच्या सदरात सापाची चौकशी पाहून काहींच्या भुवया उंचावतील. पण घरातले जनावर उपाशी असले की माणसांच्याही घशाखाली घास उतरत नाही. शिवाय अशा वेळी रोगापेक्षा घाबरून केलेल्या उपायांनीच सापाला अधिक इजा होते. म्हणून हा प्रश्न जरा सविस्तर घेत आहे.

बॉल पायथन ही अजगराच्या कुळातली लहान, बिनविषारी जात. पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागात, उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत हा साप राहतो. पूर्ण वाढ झाली तरी लांबी साधारण तीन ते पाच फूट. भ्याला की डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, त्यावरून हे नाव पडले. उपास त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. वयात आलेला नर विणीच्या हंगामात कित्येक महिने तोंडाला काही लावत नाही आणि तरीही धडधाकट राहतो. तेव्हा मोठा साप दीड महिना जेवला नाही, पण वजन टिकून आहे, तर रोगाची शंका लगेच घेऊ नये. पिल्लाची गोष्ट वेगळी. ते आठवड्याला एकदा खाणारे असते, त्याच्या उपासाकडे लवकर लक्ष द्यावे.

या पत्रातला महत्त्वाचा शब्द मला ‘दिवाळी’ हा वाटतो. दिवाळीनंतर पुण्यात गारठा सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, आणि येरवड्यासारख्या नदीकाठच्या भागात तर हुडहुडी भरते. आपण स्वेटर घालतो, सापाला ती सोय नाही. त्याच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही, बाहेरची ऊब मिळाली तरच पोटातले पाचक रस काम करतात. थंड अंगाने उंदीर गिळला तर तो पोटात पचण्याऐवजी कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणजे थंडीत न खाणे हा त्याचा शहाणपणाच आहे.

यावर उपाय औषधाचा नाही, उबेचा आहे. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश तापमान असावे, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. हाताने चाचपून अंदाज करू नये, दोन्ही टोकांना तापमापक ठेवावा. दिवा किंवा गरम पट्टी तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडलेली असावी, नाहीतर सापाचे पोट भाजते आणि ते आपल्याला उशिरा कळते. वीज गेली तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवावी. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी पडते. पाण्याचे भांडे मोठे ठेवून हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास राखावा.

दुसरे कारण भीती. हौसेने मोठी काचेची पेटी आणतात, ती बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवतात आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात साप देतात. बिळात राहणाऱ्या प्राण्याला हा छळच वाटतो. पेटीच्या दोन्ही टोकांना अंग जेमतेम मावेल अशी लपायची जागा द्यावी, तीन बाजूंना कागद लावावा आणि दोन आठवडे त्याला हातही लावू नये. पुष्कळदा एवढ्यानेच उपास सुटतो. डोळे दुधाळ निळसर दिसत असतील तर तो कात टाकणार आहे, ती टाकून होईपर्यंत खाणे देऊच नये.

खाणे अंधार पडल्यावर द्यावे. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकाच जाड असावा. गोठवलेला असेल तर पूर्ण वितळवून, गरम पाण्यात ठेवून उबदार करावा. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खाचांना ऊब कळते, गार उंदीर त्याला भक्ष्य वाटत नाही. तो लांब चिमट्याने पुढे धरावा. नाकारला तर उचलावा आणि आठवडाभर थांबावे. रोज रोज पुढे केल्याने साप अधिकच बुजतो. जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपी जाऊ नये, न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडतो. घरच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीरही नको, त्याने विषारी गोळी खाल्लेली असू शकते.

दूध तर मुळीच देऊ नये. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो तहानेने कासावीस झालेला असतो म्हणून. आणि जबरदस्तीने तोंड उघडून घास कोंबणे हा सर्वांत वाईट उपाय. त्यात जबडा आणि अन्ननलिका दुखावते.

मग डॉक्टरांकडे कधी जायचे? स्वयंपाकघरातल्यासारखा, ग्रॅममध्ये मोजणारा वेगळा काटा आणून दर आठवड्याला सापाचे वजन लिहून ठेवावे. ते दहा टक्क्यांहून अधिक घटले, तोंडाशी किंवा नाकाशी बुडबुडे दिसले, तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, हिरड्यांवर पिवळट पू दिसला, किंवा डोळ्यांभोवती काळे बारीक किडे दिसले, तर वाट पाहू नये. सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे कापडी पिशवीत घालून न्यावे. वजनाची वही आणि पेटीतल्या तापमानाचे आकडेही बरोबर न्यावेत.

सापाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊ नये.

कायद्याचेही सांगायला हवे. आपल्याकडचा अजगर पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पत्रलेखकांनी ती केली नसल्यास वन विभागाकडे चौकशी करावी.