प्राइममधला पैलवान हरतो का, बॉस?

वीकेंडच्या गप्पांमध्ये एक वाद हमखास रंगतो. प्राइममधल्या टायसनला कोणी हरवू शकलं असतं का? मग एक जण मार्सियानोचा ४९-० चा रेकॉर्ड काढतो, दुसरा मेवेदरचा ५०-० चा. (टायसन १९९० मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी टोकियोत बस्टर डग्लसकडून आडवा झाला होता, हे सोयीस्करपणे कोणाला आठवत नाही!)

तुमचं गाव सातारा-सांगलीकडचं असेल तर हा वाद तुम्हाला नवा नाही. फक्त तिथे पारावर टायसनच्या जागी मारुती माने आणि गणपतराव आंदळकर असतात. सांगली जिल्ह्यातले हे दोघे हिंदकेसरी १९६२ च्या जकार्ता एशियाडमधून प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आले. रौप्य! म्हणजे तिथेही कोणीतरी भारी पडलंच की. साताऱ्यात तर किल्लाच अजिंक्यतारा. पण १७०० मध्ये तो औरंगजेबाने घेतला होता आणि हे नाव मिळालं ते मराठ्यांनी तो परत जिंकल्यावर.

अपराजित राहायचा खरा फंडा जुन्या मातीच्या कुस्तीत आहे. जत्रेच्या मैदानात समोर कोण, इनाम किती, हे आधीच ठरतं. गुणांची भानगड नाही. पाठ टेकली तर निकाल, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवायची. गामा अपराजित, आणि होताही तसाच जबरदस्त. पण १९१० मध्ये लंडनला झिबिस्को जवळजवळ तीन तास बहुतेक वेळ पालथा पडून राहिला आणि कुस्ती सुटली बरोबरीत. गामा हरला नाही, पण जिंकलाही नाही ना? (१९२८ मध्ये पतियाळाला त्याने झिबिस्कोला मिनिटाच्या आत लोळवलं, तो हिशेब वेगळा.)

मॅटवरच्या स्पर्धेत समोरचा गडी आपण निवडत नाही. सांगली जिल्ह्याचा चंद्रहार पाटील २००७ आणि २००८ ला सलग महाराष्ट्र केसरी झाला, तिसरी गदा काही आली नाही.

माझं मत मात्र खाशाबा जाधवांना. कराडजवळच्या गोळेश्वरचे. सवय मातीची, तरी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत वय २६, म्हणजे पक्का प्राइम. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या पैलवानांना हरवलं आणि दोन कुस्त्या हरले. कोणाशी? जपानच्या इशीशी आणि सोव्हिएत युनियनच्या ममदबेकोवशी. पहिल्याला सुवर्ण मिळालं, दुसऱ्याला रौप्य. दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे मिळायची ती विश्रांतीसुद्धा मिळाली नाही आणि त्यासाठी भांडायला भारताचा एक अधिकारी जागेवर नव्हता, असं सांगतात. तरी ब्राँझ आणलंच. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला लिअँडर पेसचं १९९६ साल उजाडलं!

आणि हेलसिंकीला जायचे पैसे? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले होते. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्तीची मैदानं भरवली आणि त्या पैशांतून सरांचं घर सोडवलं.