वेदनेचा विलंब आणि रिकामा पाळणा

पुसदहून यवतमाळ, नांदेड वा नागपूरकडे निघणाऱ्या पहाटेच्या एस.टी.त सोनोग्राफीच्या कागदांची पिशवी सांभाळीत बसलेले जोडपे हे नवलाचे दृश्य नव्हे. लग्नाला पाच-सहा वर्षे लोटली, पाळणा हलला नाही. आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणीही न होता दोष बायकोच्या पदरात पडला. तिची पाळी शाळकरी वयापासून असह्य दुखत होती, हे मात्र कोणी विचारलेलेच नसते. ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ एवढ्यावर विषय संपतो.

या दुखण्यामागे अनेकदा एंडोमेट्रिओसिस हा विकार असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजांडकोशांवर व नळ्यांभोवती वाढतात; तेथे दाह होतो, अवयव एकमेकांस चिकटतात आणि स्त्रीबीजाची वाटच अडते. जननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रिया या विकाराने पीडित असाव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. निदानाला 4 ते 12 वर्षे लागतात. बीजांडकोशातील गाठ सोनोग्राफीत दिसते, बारीक ठिपके निसटतात. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून परतलेली स्त्री निरोगी असतेच असे नाही.

खरा पेच पुढेच आहे. वेदना शमविणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या गर्भधारणाही रोखतात. म्हणजे मूल हवे असेल तर तो आराम सोडावा लागतो. विकार सौम्य असल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने गर्भधारणेची शक्यता वाढते, परंतु गाठीवर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया झाल्यास स्त्रीबीजांचा साठाच घटतो. कोणता उपाय आधी, हे वय पाहून ठरते. आणि वय तर निदानाच्या विलंबातच खर्ची पडलेले असते.

6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले ते मुंबई महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून. सार्वजनिक रुग्णालयात रुजलेले हे तंत्र पुढे फोफावले मात्र खासगी दवाखान्यांत. एका खेपेला लाखाच्या वर खर्च, आणि यशाची हमी नाही. 2005 ची जननी सुरक्षा योजना गर्भ राहिल्यावरच मदतीला येते. गोव्याने 2023 मध्ये बांबोळीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत सुरू केले. महाराष्ट्रात त्याच वर्षी स्त्रियांना एस.टी.चे तिकीट अर्धे झाले, हेही थोडके नव्हे. पण कापूसवेचणीच्या दिवसांत बुडालेला रोज पुरताच बुडतो.

पुसदच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस पाळीच्या वेदनेसाठी राखून ठेवावा आणि संशयित स्त्रीला दुर्बीण तपासणीसाठी थेट यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. त्याला नवी इमारत लागत नाही.