घरचा स्टुडिओ : बाद टेकचं काय करायचं?

चार-पाच टेकमधून एक सलग गायन कसं जुळवायचं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. मुखडा दुसऱ्या टेकचा, अंतऱ्याची पहिली ओळ चौथ्याची, शेवटचा आलाप मात्र पहिल्याचाच. गाणं जुळलं, पण बाद टेक अजून तिथंच आहेत आणि डिस्क भरत चालली आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला मोनो आवाजाचं एक मिनिट साधारण ८.६ एमबी जागा खातं. चार मिनिटांच्या गाण्याचे वीस टेक म्हणजे जवळजवळ ७०० एमबी!

क्लिप निवडून डिलीट दाबलं की रेकॉर्डिंग गेलं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. रीपर घ्या, क्युबेस घ्या किंवा लॉजिक. स्क्रीनवरची क्लिप म्हणजे डिस्कवरच्या फाइलचा कुठला भाग कधी वाजवायचा याची फक्त नोंद. नोंद खोडली तरी फाइल जागेवरच राहते, म्हणून तर अनडू चालतं. डिस्कवरची फाइल काढणं हे वेगळं काम आहे आणि तिथं अनडू मदतीला येत नाही.

रीपरमध्ये एकावर एक घेतलेले टेक ऐकू येत नसले तरी प्रोजेक्टच्या लेखी ते वापरातच असतात. म्हणून आधी आवाजाचे सगळे तुकडे निवडून ‘क्रॉप टू ॲक्टिव्ह टेक’ द्यायचं. त्यानंतर फाइल मेनूमधलं ‘क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी’ न लागणाऱ्या फाइलींची यादी दाखवतं. ही यादी नीट वाचा. त्याच फोल्डरमध्ये गाण्याची दुसरी आवृत्ती ठेवली असेल, तर तिला लागणारी फाइलही पुसली जाण्याचा धोका असतो.

मला स्वतःला पुसण्यापेक्षा दुसरा मार्ग पटतो. माळा आवरत बसण्यापेक्षा हवं तेवढंच सामान नव्या घरी न्यावं, तसा. क्रॉप करण्याआधी प्रोजेक्ट एकदा सेव्ह करा. क्रॉप झाल्यावर ‘सेव्ह ॲज’मध्ये नवं फोल्डर निवडा आणि सगळं ऑडिओ तिथं कॉपी करण्याच्या पर्यायावर टिक करा. वापरातल्या फाइलीच तिकडे जातील. जुनं फोल्डर, सगळ्या टेकसह, जसंच्या तसं राहील. एक लक्षात असू द्या: एखाद्या टेकमधला एकच शब्द घेतला असला तरी त्याची अख्खी फाइल कॉपी होते. तेवढाच भाग हवा असेल तर नव्या प्रतीत तो तुकडा ‘ग्लू’ करा. त्याची वेगळी, छोटी फाइल तयार होते.

जुन्या फोल्डरचा एवढा आग्रह का? मिक्सिंग करताना आवाज वर येतो आणि आधी न जाणवलेल्या गोष्टी कानाला टोचू लागतात. ओळीच्या शेवटच्या ‘श’वर खुर्ची कुरकुरलेली असते. हेडफोनमधला क्लिक नेमका हळुवार जागी माइकमध्ये शिरलेला असतो. अशा वेळी सूर डळमळला म्हणून बाद केलेल्या टेकमधला स्वच्छ ‘श’ कामी येतो. ‘स’, ‘श’ यांना स्वर नसतो, त्यामुळे सांधा तिथं बेमालूम बसतो. पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड पुरतो. मिंडेच्या मधोमध मात्र सांधा लावू नका, तो कळतोच. गाणारी व्यक्ती पुन्हा बोलावता येणार नसेल, तर हा एक ‘श’ अख्खं गाणं वाचवतो.

खोकला, चुकलेली सुरुवात, मधल्या गप्पा हे मात्र त्याच दिवशी खुशाल काढा. ओळींमधल्या रिकाम्या जागेत पंख्याची घरघर असेल तर तीही कापा, पण ओळीआधीचा श्वास ठेवा. त्या श्वासाचं काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात. तोवर एवढंच करा: नवं फोल्डर उघडून गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, जुन्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका आणि गाणं प्रसिद्ध होईपर्यंत तिला हात लावू नका.