बालपण, नेणीव आणि निर्मिती

माणसाच्या मनाचा फार थोडा भाग त्याला स्वतःला ठाऊक असतो. उरलेला मोठा भाग त्याच्या नकळत काम करीत असतो. हा विचार मानसशास्त्राच्या ज्या शाखेने प्रथम नेटाने मांडला तिला मनोविश्लेषण किंवा गहन मानसशास्त्र असे म्हणतात. मनाच्या ज्ञात भागाला जाणीव आणि अज्ञात भागाला नेणीव हे शब्द मराठीत रूढ आहेत. नेणिवेचा पाया बालपणातच घातला जातो आणि कवीची कविता, चित्रकाराचे चित्र त्याच पायातून वर येते, असे या शाखेचे म्हणणे आहे. प्रस्तुत लेखात हा विचार आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे समजावून देण्याचा प्रयत्न करीत आहोत. विद्यार्थ्यांना विषय परका वाटू नये म्हणून उदाहरणे शक्यतो जवळची घेतली आहेत.

या शाखेचे जनक व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉईड (१८५६-१९३९). लेखक आणि दिवास्वप्ने या विषयावर त्यांनी डिसेंबर १९०७ मध्ये एक व्याख्यान दिले व ते १९०८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मुद्दा साधा आहे. खेळणारे मूल कवीसारखेच वागते. ते आपल्या मर्जीप्रमाणे एक जग मांडते आणि त्या जगात मनापासून रमते. भातुकली मांडणारी मुलगी आपल्या परीने खराखुरा संसारच करीत असते. मूल मोठे झाले की खेळ सुटतो; पण खेळात मिळणारे सुख सोडणे माणसाला जमत नाही. मग तो दिवास्वप्ने पाहू लागतो. सामान्य माणूस ती लाजेने लपवून ठेवतो. लेखक मात्र त्यांना असे रूप देतो की दुसऱ्यालाही त्यात आपले काही सापडावे.

फ्रॉईड यांचे एके काळचे सहकारी आल्फ्रेड ॲडलर (१८७०-१९३७) यांनी निराळी बाजू पुढे आणली. न्यूनगंड हा आज घरोघरी ऐकू येणारा शब्द त्यांच्याच विचारातून आलेला आहे. स्वतः ॲडलर लहानपणी मुडदुसाने आजारी होते, इतर मुलांसारखे त्यांना धावता येत नसे. आपण कमी आहोत ही लहानपणची टोचणी माणसाला भरपाईच्या मार्गाला लावते आणि त्या धडपडीतून कर्तृत्व उभे राहू शकते, असे ते सांगत. मात्र हीच टोचणी असह्य झाली तर माणूस खचूनही जातो, हेही त्यांनी बजावले आहे.

तिसरे नाव कार्ल युंग (१८७५-१९६१) यांचे. फ्रॉईड यांच्याशी १९१३ साली फारकत झाल्यावर ते मनाने फार अस्वस्थ झाले. तेव्हा त्यांना आठवले की दहा-अकरा वर्षांचे असताना आपण दगडांची घरे बांधण्यात रंगून जात असू. चाळिशीला आलेला हा नामांकित डॉक्टर सरोवराच्या काठी दगडगोटे वेचून पुन्हा तोच खेळ मांडू लागला. त्यातून मनाची कोंडी फुटली, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. मोठ्या माणसाच्या आत एक मूल जिवंत असते आणि त्याच्याशी बोलणे सुरू झाले की निर्मितीला वाट मिळते, हे युंग यांना स्वानुभवाने कळले.

आपल्या वाचकांना याचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. दया पवार यांचे 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दगडू मारुती पवार हा आपली कहाणी शिकल्यासवरल्या दया पवारांना सांगतो. दोघे एकच, पण एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. शिकून पुढे गेलेल्या माणसाने आपल्यातील मागे राहिलेल्या मुलाला समोर बसवून बोलते केले, असेच या मांडणीचे वर्णन करावे लागेल.

येथे एका गैरसमजाचा विचार केला पाहिजे. दुःखातूनच कलावंत घडतो, असे वाक्य आपण समारंभांतून वारंवार ऐकतो. हे अर्धसत्य आहे आणि घातकही आहे. लहानपणी हाल सोसलेली मुले लाखोंनी आहेत. त्यांतील कितीजणांच्या दुःखाची कविता झाली? बहुतेकांचे दुःख मनातच गोठून राहिले. तेव्हा दुःखाची निर्मिती होण्यासाठी आणखी काही लागते. ते काय, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका मुलाच्या चरित्रात मिळते.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे वारली कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. लहानपणीच त्यांची आई वारली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे बंद झाले. पुढे काही वर्षे तो बोललाच नाही. जे सांगायचे ते तो धुळीत रेघा ओढून सांगे.

वारल्यांमध्ये लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघाट देवी असते. ती मातृदेवता आहे. हे काम सवासिणींचे, पुरुषांनी चौक लिहिण्याची रीत नव्हती. युंग यांनी सर्व मानवजातीच्या नेणिवेत वसणाऱ्या ज्या मूळ प्रतिमांना आदिबंध म्हटले, त्यांत माता ही एक प्रमुख प्रतिमा आहे. आईला मुकलेले एक मूल आईच्या देवतेभोवती वाढलेल्या, बायकांच्या हातच्या कलेकडे वळावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. अर्थात एवढ्यावरून दुसऱ्याच्या मनाचा निवाडा करू नये, एवढी मर्यादा आम्ही पाळतो.

१९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले. जिव्या म्हसे यांनी लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढायला सुरुवात केली. शेती, मासेमारीचे जाळे, तारप्याचा नाच असे रोजचे जीवन त्यांनी रंगवले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. आज शाळेच्या भिंतीपासून साडीच्या पदरापर्यंत दिसणारी वारली चित्रकला जगभर पोचली, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

या मुलाजवळ काय होते? रेघ ओढायला धूळ होती, मागे परंपरा होती, आणि ती रेघ वाचून घेणारी माणसे होती. लंडनचे बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डॉ. डोनाल्ड विनिकॉट (१८९६-१९७१) यांनी हेच तत्त्व सांगितले. मूल आणि माणसे यांच्यामध्ये एक सुरक्षित मोकळी जागा लागते. तेथेच खेळ जन्मतो आणि पुढे कलाही तेथेच जन्मते. ते स्वतः कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढत आणि समोरच्या मुलाला ती पुरी करायला सांगत. मग मुलाच्या रेघेत आपण भर घालत. न बोलणारी मुलेही या खेळात व्यक्त होत. आपले माणूस जवळ आहे या भरवशावरच मूल एकटे रमायला शिकते, असेही त्यांनी मांडले.

हे वाचताना आम्हाला महासच्चक सुत्ताची आठवण झाली. कठोर तपाने मार्ग सापडेना, तेव्हा सिद्धार्थाला बालपणीचा प्रसंग आठवला. पिता आपल्या कामात होता आणि तो जांभळीच्या शीतल सावलीत शांत बसला होता. त्या आठवणीतूनच त्याला बोधीची वाट दिसली. सिद्धार्थाची आई त्याच्या जन्मानंतर सातव्या दिवशी गेली, परंतु महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवले. भीमाबाई गेल्या तेव्हा लहान भीमाला मीराआत्याने सांभाळले, हेही आपणास ठाऊक आहे. दुःख दोघांनाही होते, पण कुशीही होती.

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांनी हे कार्य प्रत्यक्ष करून दाखवले. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर बहरले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडी उभी राहिली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे अशा वस्तू मुलांच्या हाती दिल्या गेल्या.

आता स्वतःकडे पाहू. वसई, नालासोपारा, विरारच्या चाळींत व छोट्या खोल्यांत आईवडील पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. मूल शाळा, क्लास आणि मोबाइल यांत वाटले जाते. भिंतीवर रेघ ओढली तर धपाटा मिळतो. बँकेच्या काउंटरवरून आम्ही पाहतो की रांगेत कंटाळलेली मुले पैसे भरण्याच्या स्लिपच्या पाठीमागे चित्र काढतात. बहुतेक पालक ती स्लिप ओढून घेतात. एखादीच आई विचारते, "हे काय काढलंस, बाळा?" या प्रश्नाला पैसा पडत नाही.

म्हणून सभासद बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. आपल्या सभागृहाची एक भिंत खालच्या हातभर उंचीपर्यंत काळी रंगवून मुलांना द्यावी, सोबत खडू ठेवावेत. रविवारी एक तास तेथे ना स्पर्धा असावी, ना गुण, ना बक्षीस. एका मोठ्या माणसाने केवळ जवळ बसावे आणि मुलाने दाखवले तर पाहावे. विद्यार्थी मित्रांनीही आपले लहानपण विसरू नये, ते वहीत लिहून काढावे. सगळीच मुले जिव्या म्हसे होणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण गप्प झालेल्या मुलाची रेघ वाचणारे कोणी तरी असावे, एवढे आपल्या हाती नक्की आहे.