डोळ्याची सोनोग्राफी कशासाठी?

सोनोग्राफी म्हटले की आपल्या घरात बाळंतपण आठवते. त्यामुळे डोळ्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी ती लिहून दिली की घरचे चमकतात. ‘डोळ्याची कसली सोनोग्राफी? बिल वाढवायचा धंदा!’ असे म्हणून चिठ्ठी घडी करून ठेवली जाते. आपला राग अगदीच खोटा नाही. पण घरात साखरेचा पेशंट असेल, तर ही चिठ्ठी बाजूला ठेवू नये.

मधुमेह बरीच वर्षे राहिला की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्यांच्या जोडीला नव्या, नाजूक वाहिन्या वाढतात. त्या फुटून डोळ्यातल्या पारदर्शक गरात रक्त उतरते. पुढे तेथे जाळी धरते, ती पडद्याला ओढते आणि पडदा सुटतो. अशा वेळी पुढे मोतीबिंदू पिकलेला असेल किंवा आत रक्त साचले असेल, तर डॉक्टरांना पडदा दिसतच नाही.

तेथे ध्वनिलहरी कामाला येतात. मिटलेल्या पापणीवर जेल लावून यंत्राची दांडी टेकवतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, काही मिनिटांचे काम. डोळा इकडेतिकडे फिरवायला सांगतात, तेव्हा नीट फिरवावा. साखळलेल्या रक्ताचा पापुद्रा मोकळा हलतो, तर सुटलेला पडदा मागे नसेच्या मुळाशी धरून राहतो. हा फरक ओळखायला हातही अनुभवी लागतो.

पडदा सुटलेला असताना नुसता मोतीबिंदू काढला तर भिंग बसते, नजर येत नाही. आमच्या वस्तीतल्या एका मावशींचे तसेच झाले. मुलाने पतपेढीचे कर्ज काढले, ऑपरेशन झाले, पट्टी सुटली, पण अंधार तसाच. पडदा आधीच गेला होता. तो ऑपरेशनआधी कुणी पाहिलाच नव्हता.

उलट, आत नुसते रक्त असेल आणि पडदा जागेवर असेल, तर डॉक्टर काही आठवडे थांबूनही बघतात. नजरेच्या मध्यभागी पडदा ओढला जात असेल तर मात्र थांबून चालत नाही. ज्याचा पडदा स्वच्छ दिसतो त्याला बहुधा ही सोनोग्राफी लागत नाही. नजर किती परत येईल, हेही ती सांगत नाही.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, अखेरच्या वर्षांत त्यांची नजर मंदावली होती. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच साली अमेरिकेत ध्वनिलहरींनी डोळा तपासल्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. म्हणजे त्यांच्या हयातीत ही विद्या पाळण्यातच होती. आज ती मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात मिळते.

विहारात नेत्रशिबिर भरले की काहीजण परत पाठवतील या भीतीने मधुमेह लपवतात. नाव लिहितानाच तो सांगावा, किती वर्षांचा आहे तेही सांगावे. साखरेचे जुने कागद आणि रेशनकार्ड बरोबर न्यावे. रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसत असेल, तर आपले ऑपरेशन त्यात बसते का, हे पैसे भरण्याआधी त्याला विचारावे.