हॅमरहेड शार्क: रूढ ग्रह आणि वस्तुस्थिती

केवळ मुद्रेवरून ज्यांच्या स्वभावाचा निकाल लावून लोक मोकळे झाले, अशा प्राण्यांत हॅमरहेड शार्कची गणना प्रथम करावी लागेल. मस्तक दोन्ही बाजूंना आडवे ताणलेले, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक डोळा आणि अधोभागी अर्धचंद्राकृती मुख, असे हे विलक्षण रूप पाहून, हे मस्तक प्रहारासाठीच असावे, हा प्राणी नरभक्षक असावा आणि डोळे इतके दूर असल्यामुळे त्याला समोरचे धड दिसतही नसावे, असे ग्रह इतके दृढ झाले आहेत की, त्यांची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही.

प्रहाराच्या समजात थोडा सत्यांश आहे. थोरला हॅमरहेड या जातीच्या शार्कने बहामा बेटांच्या उथळ समुद्रात पाकटाला आपल्या रुंद मस्तकाने तळाच्या वाळूवर दाबून धरले, आणि मग त्याच्या पंखाचा लचका तोडून त्याला पंगू केले, असे प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद संशोधकांनी करून ठेवली आहे. परंतु एवढ्या पुराव्यावर ते मस्तक म्हणजे शस्त्र होय, असे ठरविणे न्याय्य नव्हे. कारण त्याचे मुख्य कार्य संवेदनेचे आहे. इटलीतील स्टेफानो लोरेन्झिनी याने 1678 साली ज्यांचे वर्णन केले, ती सूक्ष्म रंध्रे या मस्तकाच्या खालच्या अंगास विपुल पसरलेली असतात. त्यांच्या आत चिकट द्रवाने भरलेल्या नलिका असतात, आणि वाळूत दडलेल्या भक्ष्याच्या देहापासून जे अत्यंत क्षीण विद्युत्क्षेत्र पाण्यात निर्माण होते, ते या नलिकांच्या योगे शार्कला कळते. येथे जाणकारांचाही एक गैरसमज होतो. हॅमरहेडची ही विद्युत्संवेदना इतर शार्कहून अधिक तीव्र असते, असे ते समजतात. पण हवाई बेटांवर केलेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगांत ती तीव्रता दुसऱ्या एका शार्कइतकीच आढळली. फरक आहे तो विस्ताराचा: रुंद पासेचा कुळव जसा एकाच फेरीत अधिक रान काढतो, तसे हे मस्तक एकाच फेरीत समुद्रतळाचा अधिक रुंद पट्टा तपासून जाते.

दृष्टीविषयीचा ग्रह तर अगदीच उलटा आहे. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा समोरचा प्रदेश किती, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजले गेले, तेव्हा मस्तक जितके रुंद तितका हा प्रदेशही मोठा, असे निष्पन्न झाले: याच कुळातील ठेंगण्या बॉनेटहेडमध्ये तो सुमारे 13 अंश, कंगोरेदार मस्तकाच्या जातीत 32 अंश, आणि ज्याच्या मस्तकाची रुंदी देहाच्या लांबीच्या जवळजवळ निम्मी असते, त्या विंगहेडमध्ये 48 अंश. नाकाच्या अगदी पुढ्यात थोडी जागा मात्र त्याला दिसत नाही. हा विंगहेड भारताच्या किनाऱ्यावरही आढळतो, आणि आनुवंशिक पुराव्यावरून पाहता त्याचीच शाखा या कुळातून प्रथम फुटलेली आहे. तेव्हा लहान मस्तकापासून हळूहळू रुंद मस्तक घडत गेले, ही सरळ वाटणारी कल्पनाही टिकत नाही.

आता नरभक्षणाचा आरोप. शार्कच्या हल्ल्यांचे जे आंतरराष्ट्रीय दप्तर फ्लोरिडात ठेवले जाते, त्यात हॅमरहेडच्या विनाकारण हल्ल्याने मनुष्य दगावल्याची एकही नोंद नाही. इतकेच नव्हे, तर बॉनेटहेड समुद्रगवतही खातो व त्याचा बराचसा अंश पचवितो, हे 2018 साली सिद्ध झाले आहे. हा प्राणी एकलकोंडा असतो, ही आणखी एक समजूतही सर्व जातींना लागू नाही. गॅलापागोस, कोकोस आणि मालपेलो या बेटांभोवती कंगोरेदार हॅमरहेडचे शेकड्यांनी थवे दिवसा संथपणे फिरतात. कॅलिफोर्नियाच्या आखातातील अशा थव्यांत माद्यांचेच प्राबल्य असल्याचे, आणि रात्री ते भक्ष्यासाठी पांगून पुन्हा आपल्या ठरावीक सागरी टेकडीकडे परतत असल्याचे संशोधक पीटर क्लिमली यांनी दाखवून दिले. मला तर या प्राण्याचे सर्वांत विस्मयकारक वर्तन 2023 साली उजेडात आलेले वाटते: हवाईजवळ हीच जात रात्री 800 मीटरहून अधिक खोल, पृष्ठभागापेक्षा सुमारे 20 अंशांनी थंड पाण्यात बुडी मारते, आणि देहाची ऊब त्या थंड पाण्यात निघून जाऊ नये म्हणून बुडी मारताना कल्लेच मिटून घेते. मासा असून तो श्वास रोखून धरतो!

असा हा प्राणी दणकट असेल असे वाटते, आणि हाच ग्रह त्याला सर्वाधिक घातक ठरला आहे. गळाला लागलेला हॅमरहेड धडपडीच्या ताणाने इतर अनेक शार्कपेक्षा फार लवकर मरतो, त्यामुळे त्याला सोडून दिले तरी तो जगेलच असे नाही. तो अंडी घालीत नाही. माद्या पिल्लांना जन्म देतात, थोरल्या जातीत सुमारे 11 महिन्यांच्या गर्भधारणेनंतर आणि तीही सामान्यतः दोन वर्षांतून एकदा. परांच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार मासेमारीची भरपाई अशा गतीने होणे अशक्य आहे. थोरली व कंगोरेदार या दोन्ही जाती 2019 पासून अतिसंकटग्रस्त गणल्या जातात, आणि भारताने शार्कच्या परांच्या निर्यातीस 2015 सालीच मनाई केली आहे. पण पिल्ले आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील बाजारांत मुशी-मोरीबरोबर आजही येतात. म्हणून वाचकांस विनंती आहे की, टोपलीत रुंद मस्तकाचे पिल्लू दिसल्यास ते विकत घेऊ नये, आणि जाळ्यात जिवंत सापडलेले पिल्लू शक्य तितक्या त्वरेने पाण्यात सोडण्याविषयी ओळखीच्या कोळी बांधवांस अवश्य सांगावे.