सर्दी, शरीराची राखण आणि आपली सुईची घाई



थंडी पडली, गळीत हंगाम सुरू झाला, की घरोघरी नाके गळू लागतात. तोड आलेली, रात्रीचे पाणी धरायचे. आजारी पडायला सवड कुणाला? मग आपण दवाखाना गाठतो आणि म्हणतो, "डॉक्टर, एक जोरातली सुई मारा, उद्या शेतावर जायचंय." ही घाई आम्हाला समजते. परंतु सर्दीत शरीर स्वतः काय काय करते हे ठाऊक असले, तर पुष्कळ सुया वाचतील.

सर्दी विषाणूंमुळे होते. असे दोनशेहून अधिक विषाणू आहेत. त्यांत 'ऱ्हायनोव्हायरस' जातीचे सर्वांत जास्त. अंगाच्या ३७ अंशांपेक्षा नाकातली ३३ अंशांच्या आसपासची उष्णता त्यांना मानवते, म्हणून ते नाकात ठाण मांडतात. आजारी माणसाच्या शिंकेतून आणि हातांतून ते दुसऱ्याकडे जातात.

नाकाच्या आत चिकट शेंबडाचा थर असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक केस. थराला चिकटलेली धूळ व जंतू हे केस घशाकडे लोटतात. ते गिळले जाऊन जठरातल्या आम्लात नष्ट होतात. हे झाले पहिले कुंपण.

कुंपण ओलांडून विषाणू पेशीत शिरलाच, तर ती पेशी शेजारच्या पेशींना सावध करते. हा निरोप नेणारा पदार्थ म्हणजे 'इंटरफेरॉन'. आयझॅक्स व लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी तो लंडनमध्ये १९५७ साली शोधून काढला. निरोप मिळताच शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखण्याची तयारी करतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, नाकाचे अस्तर सुजते, पाणी सुटते, शिंका येतात. म्हणजे ज्याला आपण आजार म्हणतो, त्यातला बराच भाग शरीराच्या लढाईचाच असतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला तरी घाबरू नये; तो रंग बहुतांशी या पांढऱ्या पेशींमुळे येतो.

पुढे त्या विषाणूला नेमके हेरणारी प्रतिद्रव्ये शरीरात तयार होतात. सात ते दहा दिवसांत बहुतेक माणसे बरी होतात. पुढच्या खेपेस विषाणू निराळा असतो, म्हणून सर्दी पुन्हा होते.

पेनिसिलीनसारखी प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. साध्या सर्दीला ती घेणे म्हणजे हुमणीवर तणनाशक मारणे. हुमणी जागच्या जागी, खर्च मात्र झाला! शिवाय जिवाणू त्या औषधाला सरावतात. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच हा इशारा दिला होता. उद्या खरोखर न्यूमोनिया झाला किंवा कोयत्याची जखम चिघळली, तर तेच औषध लागू पडायचे नाही. हा तोटा साऱ्या गावाला भोगावा लागतो.

तेव्हा साध्या सर्दीत विश्रांती घ्यावी, कोमट पाणी व पेज प्यावी, मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. शिंकताना तोंडावर उपरणे किंवा पदर धरावा, हात साबणाने धुवावेत. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये.

मात्र शरीराची ही राखण कुठे अपुरी पडते, तेही ओळखता आले पाहिजे. बाळ स्वस्थ असताना त्याचे श्वास मिनिटभर मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला. किंवा बाळ अंगावर पिईना, तर तडक दवाखाना गाठावा. तिथे प्रतिजैविक दिले, तर सांगितलेले सगळे दिवस घ्यावे. मोठ्या माणसाला धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा ताप तीन दिवसांवर गेला, तर डॉक्टरांना दाखवावे. खोकला दोन आठवडे टिकला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तो क्षय असू शकतो.

फडावर कोपीत राहणाऱ्या तोडणी मजुरांची लेकरे थंडीत उघड्यावरच असतात. पहाटे फडात गेलेल्या आईला बाळाची धाप वेळेवर कळेलच असे नाही. आपल्या शेतात टोळी उतरली, की श्वास मोजण्याची ही रीत सभासदांनी त्यांना जरूर सांगावी आणि वेळ पडल्यास बाळाला दवाखान्यात पोचवण्यासाठी आपली गाडी द्यावी, अशी आमची विनंती आहे.